प्रिन्स्टनची रंगीत तालीम

१/७
वुड्रो विल्सन म्हटले की पहिले महायुद्ध आणि राष्ट्रसंघ आठवतो. अमेरिकी सिनेटने राष्ट्रसंघ नाकारला, हा त्यांचा सर्वांत मोठा पराभव. त्याची रंगीत तालीम मात्र दशकभर आधी प्रिन्स्टन विद्यापीठात झाली होती.

२/७
विल्सन मूळचे राज्यशास्त्राचे अभ्यासक. अमेरिकेतील खरी सत्ता काँग्रेसच्या समित्यांकडे आहे आणि उत्तरदायी नेतृत्व कुठेच नाही, असे निदान त्यांनी १८८५ च्या ‘काँग्रेशनल गव्हर्नमेंट’ या ग्रंथात केले. १८९० मध्ये ते प्रिन्स्टनला प्राध्यापक झाले.

३/७
१९०२ मध्ये ते विद्यापीठाचे अध्यक्ष, म्हणजे आपल्याकडील कुलगुरूंसारखे प्रमुख झाले. त्यांच्या आधीचे सारे अध्यक्ष धर्मोपदेशक होते. १९०५ मध्ये सुमारे ५० तरुण अध्यापक नेमून त्यांनी लहान गटांत चर्चेद्वारे शिकवण्याची पद्धत आणली. ती यशस्वी ठरली.

४/७
पुढचे लक्ष्य होते निवडक विद्यार्थ्यांनाच प्रवेश देणारे भोजन-क्लब. त्यांच्या जागी सर्व वर्गांचे विद्यार्थी एकत्र राहतील अशी वसतिगृहे त्यांना हवी होती. हेतू रास्त होता. पण अध्यापकांशी पुरेशी चर्चा न करताच योजना पुढे रेटली गेली. माजी विद्यार्थी खवळले आणि जून १९०७ मध्ये दिलेली मान्यता विश्वस्तांनी ऑक्टोबरमध्ये काढून घेतली.

५/७
मग पदव्युत्तर महाविद्यालयाच्या जागेवरून अधिष्ठाता अँड्र्यू वेस्ट यांच्याशी संघर्ष पेटला. वेस्ट यांच्या बाजूने देणग्या उभ्या राहिल्या; विल्सन हरले. ऑक्टोबर १९१० मध्ये त्यांनी पद सोडले. नोव्हेंबरमध्ये ते न्यू जर्सीचे गव्हर्नर म्हणून निवडून आले आणि १९१२ मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून.

६/७
१९१९ मध्ये सिनेटर हेन्री कॅबट लॉज यांनी राष्ट्रसंघाच्या करारावर अटी घातल्या. विल्सन यांनी तडजोड नाकारली, स्वपक्षीयांनाही अटींसह करार स्वीकारू दिला नाही. याचे खापर अनेकदा त्यांच्या पक्षाघातावर फोडले जाते. आजाराचा परिणाम झालाच असणार. पण तत्पूर्वी पॅरिसच्या वाटाघाटींना जाताना त्यांनी एकाही प्रमुख रिपब्लिकन नेत्याला सोबत घेतले नव्हते. प्रिन्स्टनची चूक येथे पुन्हा घडली.

७/७
त्यांच्या समतेलाही कुंपण होते. प्रिन्स्टनमध्ये कृष्णवर्णीयांच्या प्रवेशाला त्यांनी थारा दिला नाही. त्यांच्या कारकिर्दीत केंद्रीय कार्यालयांतील वर्णविभाजन वाढले. म्हणूनच २०२० मध्ये प्रिन्स्टनने आपल्या सार्वजनिक धोरण संस्थेवरून त्यांचे नाव उतरवले. सत्तेचे शास्त्र त्यांना अवगत होते. विरोधकाला सोबत घेणे हाही त्याच शास्त्राचा भाग आहे, हे मात्र त्यांनी मानले नाही.