जुगाडाला चाचणीची जोड हवी

रेल्वेचं मॉडेल उभं करताना रूळ आणि इंजिन विकत मिळतं. खरी परीक्षा गवतात असते. रंगवलेला लाकडाचा भुसा पसरला की जमीन हिरवी होते, पण गवत उभं राहत नाही. म्हणून नायलॉनचे बारीक तंतू स्थिर विजेच्या जोरावर ओल्या गोंदात उभे रोवणारं साधन वापरतात. जर्मनीच्या ‘नोख’ कंपनीचं ‘ग्रास-मास्टर’ त्यासाठी प्रसिद्ध आहे. डास मारायच्या बॅटमधलं सर्किट आणि चहाची स्टीलची गाळणी यांतूनही ते घरी बनतं. असं साधन स्वस्त पडतं, हे खरंच. पण त्याचा मोठा फायदा हा, की ते बनवणाऱ्याला स्वतः तपासून पाहावं लागतं. आपल्याकडे जुगाडाचं कौतुक उदंड होतं. तो एकदा चालला की सगळे टाळ्या वाजवतात आणि तो का चालला हे विचारायचं राहून जातं.

सर्किटची एक तार गाळणीला जोडायची आणि दुसरी ओल्या फेविकॉलमध्ये खोचलेल्या खिळ्याला. गाळणी हलवली की तंतू विद्युतभारित होऊन खाली झेपावतात आणि गोंदात टोकावर उभे राहतात. नुसतं उभं राहिलेलं दिसलं म्हणजे साधन पास झालं असं मात्र नाही. पुठ्ठ्याच्या सारख्या पट्ट्या घ्याव्यात आणि दर वेळी एकच गोष्ट बदलावी: गाळणीची उंची, गोंदातलं पाणी किंवा तंतूंची लांबी. गोंद वाळल्यावर पट्टी उलटी करून झटकावी आणि किती तंतू टिकले ते पाहावं. खिळा काढून केलेली एक पट्टी हवीच. तिच्याशिवाय श्रेय विजेचं की हाताच्या हलवण्याचं, हे ठरत नाही. पावसाळ्यात तंतूंच्या गुठळ्या होतात, म्हणून श्रावणातला निकाल मार्गशीर्षात पुन्हा पडताळावा लागतो.

एवढा खटाटोप कशाला, तयार यंत्र घ्यावं, असं कुणी म्हणेल. ज्याला फक्त देखावा हवा त्याने जरूर घ्यावं. पण बोर घाटाचा उतार करायचा तर तयार यंत्र घेऊनही हे मोजमाप चुकत नाही. १:८७ या प्रमाणात ४ मिलिमीटरचा तंतू म्हणजे सुमारे ३५ सेंटिमीटर गवत, तर १२ मिलिमीटरचा मीटरभर. पावसाळ्यानंतर पिवळं पडलेलं कुसळी गवत दाखवायला कोणते तंतू किती मिसळायचे, हे पट्ट्यांवरच कळतं.

धोक्याचा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो मान्य करायलाच हवा. बॅट बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये भार उरतो. अनेक स्वस्त बॅटींच्या चार्जिंग सर्किटमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो, त्यामुळे प्लगला लावलेली बॅट उघडणं किंवा वापरणं जिवावर बेतू शकतं. साधा मल्टिमीटर थेट लावून सर्किटचा विद्युतदाब मोजायला जाऊ नये. त्याची मर्यादा बहुधा हजार व्होल्टपर्यंतच असते. सेलवर चालणारी बॅट, प्लास्टिकची मूठ, तारेत मेगाओहमचा रोध आणि काम संपल्यावर गाळणी व खिळा एकमेकांना टेकवून भार उतरवणं, एवढं पाळलंच पाहिजे. शाळांमधल्या अटल टिंकरिंग लॅबमध्ये हे साधन जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली जरूर करावं. मात्र गुण देताना हिरव्यागार डोंगराआधी त्या पट्ट्या मागाव्यात, फसलेल्यासुद्धा.