चिखलदऱ्याच्या कॉफीचा फोटो फॉरवर्ड करण्याआधी...

थंडी पडली की माझ्या व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरायला लागतो. "महाराष्ट्रात कॉफी पिकणारं एकमेव ठिकाण, आपलं चिखलदरा!" सोबत लालबुंद फळांचा फोटो. अभिमान वाटायला हरकत नाही, मलाही वाटायचा. परतवाड्यात राहतो, घाट चढला की चिखलदरा. वीस वर्षांत या कॉफीवर मी स्वतः चार बातम्या केल्यात. चारही बातम्यांत इंग्रज होते, गाविलगड होता, समुद्रसपाटीपासूनची उंची होती (१११८ मीटर, पाठ झालीय). फळं तोडणारी बाई एकाही बातमीत नव्हती.

मागच्या हंगामात पाचव्या बातमीसाठी गेलो तेव्हा कुठे विचारायचं सुचलं. एक कोरकू बाई ओट्यात फळं तोडत होती. म्हटलं, बाई, किलोला काय मिळतं? ती म्हणाली, "हमको रोजी मिलती भैया. फल का भाव मालिक को मालूम." आणि मग तिनेच मला विचारलं, "इसका करते क्या?" तिने कॉफी कधी प्यायलीच नव्हती. ती बातमी मी लिहिली नाही. आज ही पोस्ट लिहितोय.

साधा हिशेब करू. साधारण सहा किलो पिकलेल्या फळांतून एक किलो हिरवं बी निघतं. ते भाजलं की वजन घटतं, आठशे ग्रॅमच्या आसपास कॉफी उरते. कपाला दहा ग्रॅम धरले तर ऐंशी कप. पॉइंटवर चाळीस रुपयांना कप मिळतो, म्हणजे बत्तीसशे रुपये. त्यातून दूध, साखर, गॅस, भाडं, दुकानदाराचा पोटापुरता नफा सगळं वजा करा. जे उरेल त्यातलं त्या सहा किलो फळांच्या वाट्याला किती येतं, हे शोधायला बसलात की कॉफीचा खरा वास येतो.

आता मुद्द्यावर येतो. कॉफीचं क्षेत्र वाढवा, कॉफी टुरिझम करा, 'मेळघाट कॉफी' नावाचा ब्रँड काढा, अशी भाषा आपल्याकडे अधूनमधून उठते. स्कायवॉकच्या चर्चेचा कंटाळा आला की कॉफीची सुरू होते. माझं म्हणणं एवढंच आहे की रोप लावण्याचा प्रश्न सगळ्यात शेवटचा आहे. आधी तीन गोष्टी सांगा. जमीन कोणाच्या नावावर राहणार? फळ सोलून वाळवण्याचं काम कोण करणार? आणि हंगाम सुरू व्हायच्या आधी भाव जाहीर होणार की नाही? याची उत्तरं नसतील तर तुम्ही कोरकूंसाठी मजुरीचं आणखी एक पीक आणताय, बस्स.

वरुड-मोर्शीच्या संत्रावाल्यांना हे वेगळं सांगायला नको. झाडावरची बाग व्यापाऱ्याला देऊन टाकायची, मग तोडणी, प्रतवारी, गाडी भरणं सगळं त्याचं. माल आपला, मातीही आपली, पण बाजार त्याच्या हातात. कॉफीत हे जास्त चालतं, कारण लाल फळ दोन दिवससुद्धा ठेवता येत नाही. तोडलं त्याच दिवशी सोलायला किंवा वाळवायला घ्यावं लागतं, नाहीतर आंबतं. ज्याच्याकडे वाळवायचं खळं नाही, तो समोर उभा असलेल्या गिऱ्हाइकाला म्हणेल त्या भावात देतो.

आंध्रातलं अराकू खोरं बघा. तिथल्या आदिवासींना रोपं आधीच मिळाली होती, कॉफी डोंगरभर पसरली होती. पण माल घ्यायला येणारा व्यापारी म्हणेल तो भाव. फरक पडला तो विक्रीची घडी बदलल्यावर. नांदी फाउंडेशनच्या मदतीने शेतकऱ्यांची सहकारी संस्था उभी राहिली. नियम केला की पूर्ण पिकलेलं लाल फळच घ्यायचं आणि त्याचा भाव चांगला द्यायचा. प्रक्रिया त्याच भागात. दुसरीकडे सरकारचं गिरिजन सहकारी महामंडळ आधी भाव जाहीर करून खरेदीला उतरलं. म्हणजे शेतकऱ्यासमोर व्यापारी सोडून आणखी गिऱ्हाईक आलं. २०१७ मध्ये पॅरिसमध्ये अराकू कॉफीचं दुकान उघडलं, २०१९ मध्ये जीआय मानांकन मिळालं. आपल्याकडच्या भाषणांत या शेवटच्या दोन गोष्टीच सांगतात. दुकान दिसतं, खरेदी केंद्र दिसत नाही.

आणि डायरेक्ट ट्रेड हा शब्द ऐकून लगेच टाळ्या वाजवू नका. पाकिटावर आदिवासी बाईचा हसरा फोटो छापला की व्यवहार थेट होत नाही. मधला दलाल जाऊन त्याच्या जागी इंग्रजी बोलणारा दलाल येऊ शकतो. पाकिटावर फळाचा दिलेला भाव छापा. छापायची लाज वाटत असेल तर फोटोही छापू नका.

अराकू लांब आहे म्हणाल, तर पायविहीर जवळ आहे. अचलपूर तालुक्यातलं, मेळघाटच्या पायथ्याचं गाव. २०१२ मध्ये गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. उजाड टेकडीवर लोकांनी झाडं लावली, राखली. तिथलं सीताफळ ग्रामसभेने स्वतः निवडून, खोक्यांत भरून 'नॅचरल्स मेळघाट' नावाने मोठ्या शहरांत विकलं. २०१४ मध्ये त्यांना जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सीताफळसुद्धा नाशवंतच आहे. त्यांना जमलं, कारण टेकडीचा हक्क कागदावर ग्रामसभेच्या नावाने होता. कॉफीचं झाड फळायला तीन-चार वर्षं घेतं. ज्याचा वनहक्काचा दावा फाइलमध्ये पडून आहे, तो माणूस चार वर्षं झाड कशाच्या भरवशावर वाढवेल?

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगतो, नाहीतर उद्या कोणीतरी माझीच पोस्ट दाखवून धारणीच्या उन्हात कॉफी लावायला निघेल. अरेबिका कॉफीला उंची लागते, गारवा लागतो, डोक्यावर सावली लागते. मेळघाटचा बराचसा भाग सखल आणि तापणारा आहे. वरच्या पठारावरच्या मोजक्या गावांपुरतीच ही गोष्ट आहे. तिथेही उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते, हे आपण जाणतो. त्यामुळे फळं धुऊन सोलायची पाणीखाऊ पद्धत इथे नको. आपल्याकडे तोडणीच्या वेळी पाऊस नसतो, ऊन स्वच्छ असतं. अख्खं फळ खळ्यावर वाळवायची पद्धत इथे बसते, यंत्रही कमी लागतं. आणि सावलीसाठी जांभूळ, हिरडा, आंबा आहेतच. ते तोडून एका जातीची सरळसोट झाडं लावायचा उद्योग तर मुळीच नको.

मोजक्या गावांसाठी एवढा खटाटोप कशाला, असं विचाराल. तोडणीचा महिना बघा. अरेबिका नोव्हेंबर ते जानेवारीत तोडतात. नेमकं तेव्हाच मेळघाटातली घरं कुलूपबंद होतात. दिवाळी झाली की माणसं पोरांसकट कामाला बाहेर पडतात आणि होळीला परत येतात. शाळेच्या हजेरीपटावर नाव असतं, पोरगं कुठल्या तरी वीटभट्टीवर. अंगणवाडीतलं वजन कोणाचं करायचं? कुपोषणावर आपण दर पावसाळ्यात रडतो, पण त्याची सुरुवात या हिवाळ्यातल्या कुलपांपासून होते. त्या तीन महिन्यांत पन्नास घरं जरी गावात टिकली तरी मला ते पॅरिसच्या दुकानापेक्षा मोठं वाटेल.

भाव सध्या वर आहेत हा युक्तिवादही ऐकलाय. २०२५ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिका पौंडाला चार डॉलरच्या वर गेली होती, खरं आहे. २००१ मध्ये तीच अर्ध्या डॉलरच्या खाली होती. कापसाच्या भावावर घरं उभी-आडवी झालेली बघितलेल्या विदर्भाला हे आकडे समजतात. म्हणूनच कोरकू घराने सगळं सोडून कॉफी लावावी असं मी म्हणणार नाही. मोह, चारोळी, कोदो-कुटकी, सीताफळ यांच्या जोडीला बांधावर, सावलीत थोडी कॉफी असावी.

या हिवाळ्यात मी पुन्हा वर जाणार आहे. जाताना भाजलेल्या कॉफीची एक पुडी त्या बाईसाठी नेणार, तिचा प्रश्न बाकी आहे. आणि फळाचा किलोचा भाव मिळाला तर तो इथेच टाकतो. तुमच्यापैकी ज्यांचे वर बंगले, रिसॉर्ट, बागा आहेत त्यांनी मात्र मी जायची वाट बघू नये. तुम्ही किलोला काय देता ते खाली लिहा. फोटो नसला तरी चालेल.