सुरांतली तडजोड

कीबोर्डवर पांढरी एकचा 'सा' धरा आणि सोबत शुद्ध 'ग' वाजवा. गोड वाटतं ना? पण तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या स्वयंभू गंधारापेक्षा हा 'ग' चढा आहे. शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे 100 भाग केले, तर जवळपास 14 भागांनी!

कीबोर्ड बिघडलेला नाही, गणितच असं आहे. शुद्ध पंचम एकापुढे एक 12 वेळा घेतले की 7 सप्तकांनंतर पुन्हा 'सा' यायला हवा. आपण मात्र सुमारे 24 भाग पुढे जातो. हा फरक मुरवायचा कुठे, यावर बरोक काळातल्या युरोपात वाद रंगले. 'मीनटोन' पद्धतीने गंधार जपले. त्यापायी एक पंचम इतका बेसूर झाला की त्याला 'लांडगा' म्हणत. मग जर्मन ऑर्गनवादक वेर्कमाइस्टरने 1691 मध्ये असमान वाटणीचे पर्याय मांडले. आता सगळ्या पट्ट्या वाजवता येत आणि प्रत्येकीचा रंगही वेगळा राही. 1722 मध्ये बाखने 24 स्वरपट्ट्यांत 'वेल-टेम्पर्ड क्लाविअर' रचलं. ते आजच्या समान वाटणीसाठीच होतं, असं सर्रास सांगितलं जातं. पण 'वेल-टेम्पर्ड' म्हणजे 'समान' नव्हे.

समान वाटणीने सोय झाली, पण पट्ट्यांचे रंग पुसले गेले. सोय जरूर वापरा. फक्त तिलाच 'बरोबर सूर' समजू नका. अनेक डिजिटल पियानोंत टेम्परामेंट बदलता येतं. मीनटोन लावून तोच 'सा-ग' ऐका, मग तुमचा कानच काय ते ठरवू दे!