वही एक, लिहिणारे दोन



शुक्रवारी रात्री साडेदहाला फोन आला. इंदूरमधल्या एका छोट्या कंपनीच्या मेलचं काम मी बघतो. तिथली हिशेब बघणारी मुलगी रडवेली झाली होती. "दादा, सकाळी वाचलेली मेल आता दिसतच नाही. सोमवारी टेंडर भरायचंय, नवे दर त्यातच आहेत."

तिथली मांडणी माझीच. एक बंद पडला तर दुसरा चालावा म्हणून दोन मेल सर्व्हर, आणि सगळ्या मेल तिसऱ्या मशीनवर. दोघंही एनएफएसने, म्हणजे नेटवर्कवरून, त्याच फोल्डरमध्ये लिहितात. पहिला तास मी डिस्क तपासण्यात घालवला. डिस्क ठणठणीत होती. सर्व्हर रीस्टार्ट केला की दहा मिनिटं बरं चालायचं, मग पुन्हा तेच. शेवटी लॉग नीट वाचला. डव्हकॉट सारखं सांगत होता, इंडेक्स फाइल बिघडली आहे.

मग आजीची दुधाच्या हिशेबाची वही आठवली. दोन्ही काकू त्यात लिहायच्या. धाकटीने भर टाकलेली असायची, थोरली मघाच्या आठवणीवर बेरीज करायची, आणि महिनाअखेर भांडण. एनएफएसचं तसंच होतं. दर वेळी विचारायला जायला नको म्हणून प्रत्येक मशीन फाइलची माहिती थोडा वेळ आपल्याजवळ ठेवतं. लिनक्सवर साधारण 3 ते 60 सेकंद. तिचा मोबाइल एका सर्व्हरवर जात होता, ऑफिसचा कॉम्प्युटर दुसऱ्यावर. दोघंही एकच इंडेक्स आपापल्या जुन्या माहितीवरून लिहीत होते. त्यात एका सर्व्हरचं घड्याळ चार मिनिटं मागे.

सुदैवाने मेल मेलडिर पद्धतीने ठेवल्या होत्या. त्यात प्रत्येक मेलची वेगळी फाइल असते आणि वाचली की नाही ही खूण फाइलच्या नावातच असते. टेंडरचा नंबर शोधला, मेल जागेवरच होती. हरवली होती ती फक्त अनुक्रमणिकेतली नोंद. आधी बॅकअप घेतला, मग इंडेक्सच्या फाइली बाजूला केल्या. डव्हकॉटने मेल वाचून त्या नव्याने बनवल्या. दीड वाजता तिचा मेसेज आला, "दिसली!"

शनिवारी दोन्ही घड्याळं जुळवली. लिहिलेलं लगेच डिस्कवर उतरेल अशी सेटिंग केली. पण खरा इलाज वेगळाच: एका माणसाची सगळी उपकरणं नेहमी एकाच सर्व्हरवर जातील अशी व्यवस्था केली. दुसरा सर्व्हर पहिला बंद पडला तरच पुढे येतो. हे डव्हकॉटच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं आहे. मी ते मांडणी करताना वाचलं नव्हतं, हे त्या मुलीलाही सांगून टाकलं.

तुमच्यापैकी कुणी असं काम सांभाळत असेल, तर आज एवढंच करा: दोन्ही सर्व्हरवरची वेळ शेजारी शेजारी ठेवून बघा.

आणि हो, आजीने शेवटी वहीचं काम एकट्या थोरल्या काकूकडे दिलं होतं. धाकटी लिहायची ती फक्त थोरली माहेरी गेली की.