बाँडवर घेतलेले घर कुणाचे?

औसा तालुक्यात घराचा सौदा ठरला की अजूनही बाँड पेपर आणला जातो. नोटरीचा शिक्का बसतो, दोन साक्षीदार सही करतात, चावी हातात पडते. मालकी मात्र मिळत नाही. ती दुय्यम निबंधकाकडे नोंदलेल्या खरेदीखतानेच मिळते. मुखत्यारपत्र आणि करारनाम्यावर झालेल्या ‘विक्री’ने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्पष्ट केले आहे. घरपट्टीची पावती नावावर झाली म्हणून निर्धास्त राहणारेही बरेच. ती कराची नोंद, मालकीचा दाखला नव्हे.

किल्लारी परिसरात गुंता आणखी वाढतो. 1993 च्या भूकंपानंतर पुनर्वसनात ज्यांच्या नावे घरे मिळाली, त्यातले अनेक आज हयात नाहीत. आता मुलगा घर विकतो. बहिणीला कुणी विचारत नाही. हिंदू कुटुंबात वडील मृत्युपत्राविना वारले असतील, तर त्यांच्या घरात आई, मुलगे, मुली यांचा समान वाटा असतो. लग्न झालेल्या मुलीचाही. तिची सही नसेल, तर घेणाऱ्याला तिचा वाटा मिळत नाही. शिवाय वाटपाच्या कागदात विक्रीला परवानगीची अट आहे का, हेही इसार देण्याआधीच पाहावे.

घरावर कर्ज असेल तर बोजा उतरल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. कर्ज फिटल्यावर बँकेने मूळ कागद 30 दिवसांत परत करायचे असतात. तिच्यामुळे उशीर झाल्यास दिवसाला 5,000 रुपये भरपाई. रिझर्व्ह बँकेचा हा नियम पतसंस्थांना लागू नाही आणि गावाकडचे बरेच व्यवहार तिथेच अडकलेले असतात.