व्यवहारविचार : परवान्यांची खतावणी

नांदेड व लातूर या दोन्ही शहरांत गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत विद्येच्या व उद्योगाच्या संस्था पुष्कळ वाढल्या. नांदेडास १९८१ सालीं श्री गुरु गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था निघाली व १९९४ सालीं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालें; लातुरास डाळीच्या गिरण्या, आडत दुकानें, शिकवणीवर्ग व रुग्णालयें यांची दाटी झाली. या सर्वांच्या कचेऱ्यांत आज संगणकावांचून पान हालत नाहीं. आमच्या वाचकांच्या एकत्र कुटुंबांतही कोणी अभियंता, कोणी हिशेबनीस, कोणी डॉक्टर असतोच. तेव्हां अशा कचेरीच्या चालकास या महिन्यांत एकच प्रश्न विचारावासा वाटतो : आपल्या संगणकांवर जीं सॉफ्टवेअरें चालतात, त्यांपैकीं प्रत्येकाचा परवाना आपणांपाशीं आहे काय, आणि तो कितीजणांपुरता आहे ?

पहिल्यानें हें ध्यानांत घेतलें पाहिजे कीं, येथें खरेदी होते ती वस्तूची नव्हे, वापराच्या हक्काची. सर्वोच्च न्यायालयानें २००४ सालीं टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या खटल्यांत, तबकडीवर भरून विकलेलें तयार सॉफ्टवेअर विक्रीकरापुरतें मालच होय, असा निर्णय दिला. पुढें २०२१ सालीं त्याच न्यायालयानें प्राप्तिकराच्या एका वादांत असें स्पष्ट केलें कीं, गिऱ्हाइकास मिळतो तो केवळ वापरण्याचा मर्यादित हक्क. स्वामित्वहक्क कर्त्याकडेच राहतो. या दोन निर्णयांचा मेळ ग्रंथाच्या उदाहरणानें सहज बसतो. ग्रंथ आपल्या कपाटांत असला, तरी तो छापून वांटण्याचा अधिकार ग्रंथकाराचा. १९८४ च्या दुरुस्तीपासून आपला कायदाही संगणकाच्या कार्यक्रमास वाङ्मयकृतींतच गणीत आला आहे.

परवान्याचें माप सर्वत्र सारखें नसतें. कोठें तें यंत्रागणिक असतें, कोठें माणसागणिक, तर कोठें एका वेळीं काम करणाऱ्यांच्या संख्येवर. हा तिसरा प्रकार एकत्र कुटुंबास समजण्यास कठीण नाहीं. घरांत माणसें बारा व छत्र्या चार. कोणीही कोणतीही छत्री न्यावी, परंतु पांचव्यानें कोणी परत येईपर्यंत थांबावें. अभियांत्रिकी विद्यालयांतील महागड्या सॉफ्टवेअरचे परवाने पुष्कळदां असेच असतात, व एक मध्यवर्ती संगणक त्या छत्र्या मोजून देतो आणि मोजून घेतो. व्यापाऱ्यांच्या परिचयाच्या टॅलीचे सिल्व्हर व गोल्ड असे जे परवाने आहेत, त्यांतही भेद मापाचाच : पहिला एकट्यानें वापरावयाचा, दुसरा एका जागीं जोडलेल्या अनेक संगणकांवरून अनेकांनीं.

दोष उद्भवतो तो नेहमींच अप्रामाणिकपणानें, असें नाहीं. आडतीवर तीन संगणक असतात, हंगामांत चौथा येतो, व घाईंत जुनीच प्रत त्यावर चढविली जाते. विद्यार्थिदशेंत शिक्षणापुरता मिळालेला परवाना मुलगा नोकरीच्या कचेरींत घेऊन येतो व त्यावर गिऱ्हाइकांचे नकाशे काढूं लागतो. उलट बाजूही आहेच. तीस परवान्यांचे पैसे दरसाल भरावे आणि वापरणारे अठराच असावे; नोकरी सोडून गेलेल्यांचीं नांवें यादींत तशींच राहावीं. एकीकडे कायद्याचा भंग, दुसरीकडे पैशाचा अपव्यय. दोहोंचें मूळ एकच, तें म्हणजे हिशेब न ठेवणें.

हा हिशेब ठेवणारीं साधनें आतां आहेत. प्रत्येक संगणकावर एक लहानसा कार्यक्रम बसवितात. त्या यंत्रावर कोणतीं सॉफ्टवेअरें आहेत व तीं कोणत्या आवृत्तीचीं आहेत, याची यादी तो मुख्य संगणकाकडे पाठवीत राहतो. दुसऱ्या बाजूस खरेदीच्या पावत्या, परवान्यांची संख्या व मुदत नोंदविलेली असते. दोन्ही बाजूंची वजाबाकी केली कीं बाकी निघते. ती उणी आली तर परवाने घ्यावे किंवा प्रती काढून टाकाव्या. अधिक आली तर पुढील नूतनीकरणाचे वेळीं संख्या कमी करावी. जी. एल. पी. आय. व ओ. सी. एस. इन्व्हेंटरी यांसारखीं मुक्त साधनें विनामूल्य मिळतात. आणि दहा-पंधरा संगणकांच्या कचेरीस तर साधा तक्ताही पुरतो. मात्र यंत्र प्रती मोजतें, करार वाचीत नाहीं. शिक्षणाचा परवाना धंद्यास चालत नाहीं, किंवा घरीं नेलेला लॅपटॉप यादींत आलेला नाहीं, हें ओळखण्यास माणूसच लागतो. म्हणून हें काम एका जबाबदार व्यक्तीकडे नांवानिशीं सोंपवावें.

कायद्याची बाजूही गंभीर आहे. १९९४ च्या दुरुस्तीनें स्वामित्वहक्काच्या कायद्यांत ६३ ब हें कलम आलें. चोरटी प्रत आहे हें जाणून ती वापरणारास कमींत कमी ७ दिवस व जास्तींत जास्त ३ वर्षें कैद, आणि ५०,००० पासून २ लाख रुपयांपर्यंत दंड, अशी शिक्षा त्यानें ठरविली. गुन्हा कंपनीच्या हातून घडला तर कलम ६९ प्रमाणें कारभार पाहणाराही दोषी धरला जातो. परंतु आपणांस तो ठाऊक नव्हता, किंवा तो टाळण्यासाठीं योग्य ती सर्व खबरदारी घेतली होती, असें त्यानें सिद्ध केलें तर तो सुटतो. नीट ठेवलेली खतावणी ही त्या खबरदारीची उत्तम साक्ष होय.

ज्यास हें सर्व केवळ कागदी वाटेल, त्यानें किल्लारी आठवावी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपांत तेथें हजारों माणसें प्राणांस मुकलीं. त्यापूर्वीं हा भाग भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यांत गणलेला होता. २००२ सालच्या सुधारलेल्या मानकांत तो पट्टाच काढून टाकण्यांत आला, व २०१६ सालीं त्या मानकाची पुन्हां सुधारणा झाली. इमारतींचे आराखडे आज सॉफ्टवेअरच्या गणितानें ठरतात. अधिकृत प्रतीस अशा सुधारणा व चुकांची दुरुस्ती मिळण्याची वाट मोकळी असते. चोरट्या प्रतीस ती बंद असते, आणि तिचें कुलूप तोडणारानें आंत आणखी काय बदललें, हें कोणासच ठाऊक नसतें. लातूर जिल्ह्यांतील घराच्या खांबांचें गणित अशा प्रतीवर करणें हें कोणाही अभियंत्यास शोभणारें नाहीं.

खर्च झेपत नसेल त्यास लिबरऑफिससारखीं मुक्त सॉफ्टवेअरें उपलब्ध आहेत. पत्रव्यवहार व तक्ते यांचें काम त्यांवर चांगलें होतें. जें घ्यावें तें सांगून-सवरून घ्यावें, एवढेंच आमचें म्हणणें. दिवाळींत आपल्याकडे नव्या वहीचें पूजन होतें. येत्या दिवाळीस त्या वहीशेजारीं परवान्यांचीही एक वही ठेवावी, आणि तींतील पहिली नोंद घरच्या कर्त्यानें स्वतः करावी.