डॉल्फिन दाखवणाऱ्या होड्याही मोजून सोडा

दिवाळीची सुट्टी लागली की हर्णै-मुरूडपासून तारकर्ली-देवबागपर्यंत आणि पुढे गोव्यातही सकाळच्या डॉल्फिन फेऱ्या भरून जातात. त्या बंद करा असे माझे म्हणणे नाही, पण एका कळपामागे किती होड्या जातील हे ठरवल्याशिवाय त्या चालू देणे चुकीचे आहे. आपल्या किनाऱ्याला प्रामुख्याने दिसतो तो हंपबॅक डॉल्फिन. आधी लांब चोच वर येते, फस्सकन श्वास सुटतो, मग पाठीचे कुबड दिसते आणि सगळे पुन्हा पाण्याखाली. तेवढ्या क्षणासाठी होड्या मशीन वाढवून चहूबाजूंनी धावतात. हा प्राणी त्रास झाला म्हणून खोल समुद्रात निघून जाणारा नाही. किनाऱ्यालगतचे उथळ पाणी आणि खाड्यांची मुखे हेच त्याचे घर. गढूळ पाण्यात तो मासे शोधतो ते आवाजाच्या आधारे, आणि त्याच पाण्यात आपण इंजिनांची घरघर सोडतो.

तांडेल नीट वागले, अंतर राखले की पुरे, असे अनेकांना वाटते. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या शार्क बेचा अनुभव मात्र वेगळा आहे. तिथे परवाना घेऊन डॉल्फिन दाखवणाऱ्या होड्या एकाच्या दोन झाल्या आणि त्या पट्ट्यातले डॉल्फिन साधारण सातात एक या प्रमाणात घटले. 2006 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि सरकारने परवाना पुन्हा एकावर आणला. दोन होड्यांनी एवढा फरक पडतो, तर आपल्याकडच्या गर्दीचे काय? न्यूझीलंडच्या 1992 च्या नियमांनुसार देवमासा असो वा डॉल्फिन, 300 मीटरच्या आत एका वेळी तीनच होड्या जाऊ शकतात. आपल्या 1972 च्या वन्यजीव कायद्यात डॉल्फिन वाघाच्याच पहिल्या अनुसूचीत आहे. ताडोब्यात गाड्या मोजून सोडतात, मग समुद्रात होड्या का मोजू नयेत?

ट्रॉलर आणि एलईडी दिव्यांची मासेमारी समुद्र ओरबाडत असताना गरीब होडीवाल्यावरच नियम का, हा सवाल रास्त आहे. ती लूट थांबलीच पाहिजे. पण तिच्यामुळे आधीच कमी मासळीवर जगणाऱ्या डॉल्फिनला दुसरा त्रास सोसवत नाही, हेही तितकेच खरे. धंदा बुडू नये यासाठी रिक्षा स्टँडसारखे नंबर लावावेत, भाडे वाढवावे, उरलेल्या होड्यांनी कर्ली खाडीतल्या कांदळवनाची फेरी करावी. डॉल्फिन कमी झाले तर पहिला फटका याच तांडेलांना बसणार आहे. आणि पर्यटकांनो, होडीत चढण्याआधी एवढेच सांगा: ‘दादा, डॉल्फिन दिसला नाही तरी पूर्ण पैसे देऊ, पण त्याच्या मागे धावू नका.’